चित्रपटातलं गाणं घडलं कसं, आणि ते नेमकं कुणाचं?

रेडिओवर गाणं लागलं की निवेदक चित्रपटाच्या नावासोबत तीन नावं सांगतो: गायक, गीतकार, संगीतकार. आपल्याला ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की गाणं म्हणजे या तिघांची निर्मिती, असंच आपण धरून चालतो. पण तेच गाणं जरा कान देऊन ऐकलं तर या तीन नावांत न मावणाऱ्या कितीतरी गोष्टी त्यात सापडतात. सुरुवातीचे व्हायोलिनचे सूर कुणी लिहिले? दोन कडव्यांच्या मधली ती बासरीची जागा कुणाला सुचली? जुनी गाणी तीन-साडेतीन मिनिटांत का संपतात? चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा, हे आपण कधी आणि का मान्य केलं?

या प्रश्नांच्या मागे मागे गेलं की लक्षात येतं, आपल्या चित्रपटगीताचा आकार कुणा एका प्रतिभावंताने ठरवलेला नाही. तो थोडा नाटकवाल्यांनी ठरवला, थोडा यंत्रांनी, आणि बराचसा अशा वादकांनी ज्यांची नावं पडद्यावर फारशी झळकलीच नाहीत. मला या शेवटच्या मंडळींबद्दल जास्त बोलायचं आहे, पण तिथे पोचायचं तर सुरुवात रंगभूमीपासून करावी लागते.

आधी नाटक

बोलपट आला तेव्हा गाण्यातून गोष्ट ऐकायची सवय मराठी प्रेक्षकाला केव्हाच लागलेली होती. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. त्यात पदं म्हणायचा तो सूत्रधार. राम असो की रावण, सगळ्यांची पदं त्याच्याच तोंडी. पात्रं पुढे येऊन आपापला भाग आयत्या वेळी सुचेल तसा बोलायची. म्हणजे गाणं ज्याचं तो एक आणि गाणारा दुसरा, ही सोय आपल्याकडे फार जुनी आहे. ती मोडली १८८० मध्ये, अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ आणलं तेव्हा. पात्रं स्वतःची पदं स्वतः गाऊ लागली. लोकांना हा प्रकार असा काही आवडला की पुढची पन्नास वर्षं, गाता गळा नसेल तर संगीत नाटकात नायकाचं काम मिळणं कठीण झालं.

चालींचं काय? नाटककार नव्या चालीसाठी अडून बसत नसत. कीर्तनातली साकी-दिंडी, लावणी, कर्नाटकातली पदं, ख्याल-ठुमरीच्या चिजा, जे कानात बसलेलं असेल ते घ्यायचं आणि त्यावर मराठी शब्द चढवायचे. आणि यात लपवाछपवी अजिबात नव्हती. संगीत नाटकाचं एखादं जुनं छापील पुस्तक हाती आलं तर पाहा: पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ असं लिहून मूळ गाण्याचे सुरुवातीचे शब्द दिलेले असतात. अमुक चिजेवरून, तमुक लावणीवरून हे पद बांधलं, हे वाचणाऱ्याला सरळ सांगितलेलं. ज्याला मूळ चाल ठाऊक, त्याने पुस्तक उघडावं आणि पद म्हणावं. पुढे चित्रपटाने रंगभूमीकडून चाली उचलण्याची रीत घेतली, हा कंस तेवढा गाळला. तो टिकला असता तर चोरी की प्रेरणा यावरची निम्मी भांडणं झालीच नसती, असं मला मनापासून वाटतं.

१९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी. इथपासून चाल देणाऱ्याला स्वतंत्र मान मिळू लागला. बालगंधर्व ती पदं गायला लागले की ‘वन्स मोअर’वर ‘वन्स मोअर’ पडायचे, एकेक पद वाढत जायचं आणि नाटक पहाटेपर्यंत चालायचं. घड्याळाकडे बघून गाणं म्हणायचं, ही कल्पनाच तिथे नव्हती.

मग तबकडी

घड्याळ आणलं ग्रामोफोनने. १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग हा ध्वनिमुद्रक ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा वीज नाही, मायक्रोफोन नाही. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून खणखणीत आवाजात गायचं. त्या आवाजाच्या जोराने सुई थरथरायची आणि मेणाच्या तबकडीवर खाचा पडायच्या. गाणं संपताच गौहर जान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. तबकड्या छापल्या जायच्या थेट जर्मनीत. तिथल्या कारागिरांना कोणती गायिका कोणती हे कळावं, म्हणून ही युक्ती.

या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. पुढे दहा इंची आणि मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी सर्वत्र रुळली, तरी ही मर्यादा राहिलीच. जो राग बैठकीत तासभर चालायचा, तो आता तीन मिनिटांत आटपायचा होता. आलाप आवरता घ्या, पहिली ओळ लवकर आणा, ती लोकांच्या मनात ठसेल अशी ठेवा, अंतरा घ्या, परत पहिल्या ओळीवर या आणि थांबा. चित्रपटगीताचा ‘मुखडा–अंतरा–मुखडा’ हा साचा फक्त तबकडीमुळे आला असं म्हणणं अन्यायाचं होईल. ठुमरीत, भजनात, अभंगातही धृपद पुन्हा पुन्हा येतंच. पण दोन किंवा तीनच अंतरे, मध्ये मोजून इतकंच वाद्यसंगीत आणि शेवट वेळेवर, ही काटकसर तबकडीची देणगी आहे. चित्रपट थेटरातून उतरला तरी गाणं तबकडीवर विकलं जायचं, त्यामुळे ते तबकडीत बसणं भागच होतं. फारच लांबलं तर ‘भाग १’ आणि ‘भाग २’ करून दोन बाजूंना वाटावं लागे.

बोलपट, झुडपाआडचे वादक आणि १९३५

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या गिरगावातल्या मॅजेस्टिक थेटरात ‘आलम आरा’ लागला. अर्देशीर इराणींचा हा पहिला भारतीय बोलपट. त्यात सात गाणी होती. पहिलं गाणं फकिराच्या भूमिकेतल्या वझीर मोहम्मद खान यांनी गायलं. आज ते गाणं कुणालाच ऐकता येत नाही. चित्रपटाची एकही प्रत उरलेली नाही आणि त्या गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या नव्हत्या.

ते गाणं चित्रित कसं झालं असेल, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. त्या यंत्रात चित्र आणि आवाज एकाच वेळी टिपला जायचा. म्हणजे नटाने कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करता प्रत्यक्ष गायचं. मायक्रोफोन दिसता कामा नये, म्हणून तो कुठेतरी दडवायचा. पेटीवाला, तबलजी यांनी चौकटीच्या बाहेर, झाडाआड नाहीतर पडद्याआड दबून बसायचं. नट हलला की आवाज लांब जाणार, वादक जवळ आले तर दिसणार. एकाने ठेका चुकवला की सगळं पहिल्यापासून. स्टुडिओजवळून आगगाडी जायची, तिचा आवाज नको म्हणून बरंचसं चित्रीकरण रात्री उशिरा उरकलं गेलं. सुरुवातीच्या बोलपटांतली गाणी एका जागी खिळल्यासारखी का वाटतात आणि साथीला एक-दोनच वाद्यं का, याचं उत्तर या अडचणीत आहे.

पुढच्याच वर्षी, ६ फेब्रुवारी १९३२ ला, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. व्ही. शांताराम दिग्दर्शक. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, आणि संगीतही त्यांचंच. वीस वर्षांपूर्वी ‘मानापमान’ला चाली देणारा माणूस पहिल्या मराठी बोलपटाला चाली देत होता. नाटकाचं संगीत चित्रपटात आलं ते असं, माणसांच्या पायांनी चालत. गाण्यांची हौसही नाटकातलीच: त्याच साली कलकत्त्याच्या मदन थिएटर्सने ‘इंद्रसभा’ काढला, त्यात सत्तरच्या आसपास गाणी होती!

कोंडी फुटली १९३५ मध्ये, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये. नितीन बोस यांनी बंगालीत ‘भाग्यचक्र’ आणि हिंदीत ‘धूप छाँव’ काढला. संगीत रायचंद बोराल यांचं, ध्वनिमुद्रण नितीनबाबूंचे बंधू मुकुल बोस यांचं. त्यांनी गाणं आधी वेगळं मुद्रित केलं. फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी उमटते. ती फिल्म चित्रीकरणाच्या वेळी वाजवायची, कर्ण्यातून गाणं सेटवर ऐकू येणार, नटांनी त्यावर नुसते ओठ हलवायचे. नंतर संकलकाने चित्राची फिल्म आणि आवाजाची फिल्म शेजारी शेजारी ठेवून जुळवायची. एवढीशी ही क्लृप्ती, पण तिने सगळं बदललं. कॅमेरा मोकळा झाला, गाणं बागेतून डोंगरावर जाऊ लागलं. वादकांना लपायची गरज उरली नाही, त्यामुळे चाराचे चाळीस करता आले. आणि नटाला गाता आलंच पाहिजे, ही अट गेली. किर्लोस्करांनी मोडलेली सूत्रधाराची रीत पंचावन्न वर्षांनी यंत्राच्या वाटेने परत आली.

रीत परत आली, पण लगेच रुळली नाही. गाणारे नट-नट्या त्यानंतरही दहा-बारा वर्षं मागणीत होते. आणि पडद्यामागे गाणाऱ्याला नावच नसायचं. १९४९ च्या ‘महल’मधलं ‘आयेगा आनेवाला’ विसेक वर्षांच्या लता मंगेशकरांनी गायलं. तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं! आवाज पात्राचाच आहे असं भासवायचं, ही तेव्हाची समजूत. लोकांनी ही गायिका कोण म्हणून विचारणा सुरू केली आणि मग पार्श्वगायकाचं नाव सांगण्याचा प्रघात पडत गेला.

याच गाण्यातली एक जागा पुन्हा ऐकण्यासारखी आहे. मुखड्याआधी ‘खामोश है जमाना’पासूनच्या ओळी आहेत, तालाशिवायच्या. आवाज लांबून येतो, हळूहळू जवळ येतो. आज हे बटण फिरवून होतं. तेव्हा मायक्रोफोन खोलीच्या मधोमध ठेवला होता आणि लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून गात गात, एकेक पाऊल टाकत त्याच्याकडे आल्या, आणि मुखडा सुरू होताना बरोबर त्याच्यासमोर पोचल्या. हे त्यांनीच मुलाखतींतून सांगितलं आहे. खेमचंद प्रकाश यांनी चाल दिली हे आपण सांगतो. पण आवाज दुरून यावा म्हणून माणूसच चालवावा, हाही त्या गाण्याच्या रचनेचा भाग नाही का?

मायक्रोफोनने गळ्याची जातही बदलली. रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. मायक्रोफोनपुढे कुजबुजलं तरी चालतं. कुंदनलाल सैगल यांनी ही ताकद आधी ओळखली. ते सभेसाठी गात नसत, एका माणसाच्या कानाशी गात.

अरेंजर नावाचा माणूस

आता मुख्य गोष्टीकडे येतो. संगीतकाराने चाल केली म्हणजे नेमकं काय केलं? पन्नास-साठच्या दशकातल्या मुंबईची पद्धत अशी. आधी ‘सिटिंग’. संगीतकार पेटी घेऊन बसतो, समोर दिग्दर्शक, गीतकार. प्रसंग ऐकून संगीतकार चाल गुणगुणतो. शब्द तयार नसतील तर कसलेही डमी शब्द घालून ‘मीटर’ देतो, आणि गीतकार त्या मापाचे शब्द आणतो. मुखडा ठरतो, अंतरा ठरतो. हातात काय असतं? एक चाल आणि शब्द. म्हणायला घेतलं तर दीड-दोन मिनिटं.

बाकीचं गाणं कुठून येतं? सुरुवातीचं संगीत, अंतऱ्यांच्या मधले तुकडे, गायक श्वास घेतो तेवढ्या फटीत वाजणारी छोटी जागा, गायक लांब सूर धरतो तेव्हा मागून चढत जाणारी व्हायोलिन, शेवटाला मुखड्यावर परत आणणारी ओळ. कोणतं वाद्य कुठे, किती, कोणत्या सप्तकात. हे रचायचं आणि चाळीस-पन्नास वादकांना प्रत्येकी वेगवेगळा कागद लिहून द्यायचा, हे काम अरेंजरचं. काही संगीतकार मधले तुकडेही स्वतःच गाऊन सांगत, काही फक्त ‘इथे काहीतरी उदास हवं’ म्हणून मोकळे होत. त्यामुळे संगीतकाराचा वाटा कुठे संपतो आणि अरेंजरचा कुठे सुरू होतो, याची रेघ प्रत्येक गाण्यात वेगळी पडते.

चाळीस माणसांनी एकाच वेळी वेगवेगळं आणि तरीही जुळणारं वाजवायचं, तर लेखी स्वरलिपी लागते. आपल्याकडे संगीत गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जाणारं. एक गातो, साथीचे त्याच्या मागून जातात. पाश्चात्त्य पद्धतीची पाच रेघांची स्वरलिपी झरझर वाचणारे लोक मुंबईत होते कुठे? तर गोव्याचे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना सोल्फेजिओ, म्हणजे स्वर वाचून गाणं, आणि व्हायोलिन शिकवत. चर्चमधल्या प्रार्थनेसाठी गाणारे-वाजवणारे तयार व्हावेत हा हेतू. गावात पोटापुरतं काम नाही, म्हणून हीच मुलं मोठी होऊन मुंबईला येत, धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेल्या वसतिगृहात, उतरत. पोलीस बँड, हॉटेलांतले जॅझ बँड आणि मग फिल्म स्टुडिओ, असा त्यांचा प्रवास.

माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. चाळीसच्या दशकात व्हायोलिनवादक म्हणून आले, अरेंजर झाले. प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन यांनी त्यांच्याकडे धडे घेतले. गोन्साल्विस यांना नुसतं चित्रपटासाठी लिहून समाधान नव्हतं. रागांचा अभ्यास करून त्यांनी वाद्यवृंदासाठी स्वतंत्र रचना केल्या आणि १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात शंभराच्या घरातले वादक जमवून त्या सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पुढे साठच्या दशकात ते अमेरिकेला गेले आणि चित्रपटसृष्टीपासून दूर झाले. १९७७ मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या एका गाण्यात त्यांचं नाव देशभर दुमदुमलं. प्यारेलाल यांची ती गुरुदक्षिणाच. कोट्यवधी लोकांनी ते नाव गुणगुणलं, आणि त्यातल्या बहुतेकांना अशा नावाचा माणूस खरोखर आहे याचा पत्ताही नव्हता.

सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं अरेंजिंग जवळपास दोन दशकं केलं. त्यांची गाणी ऐकताना एकदा गायकाकडे मुद्दाम दुर्लक्ष करा आणि मागच्या व्हायोलिनकडे कान लावा. गायक सुरावर थांबला की व्हायोलिन हलू लागतात, गायक हलला की ती थबकतात. एक दुसरीच चाल मूळ चालीच्या मागून चाललेली असते आणि शब्दावर कुठेही पाय देत नाही. हे वाटतं तितकं सोपं नाही. आपली रागदारी एका सुरावलीची आहे. तिच्याखाली पाश्चात्त्य पद्धतीने तीन-तीन सुरांचे जुडगे ठेवत गेलं तर रागात वर्ज्य असलेला सूर कुठेतरी डोकं वर काढतो आणि चालीचा रंग बिघडतो. या मंडळींनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे जुडग्यांपेक्षा अशा समांतर सुरावलींवर भर देणं. ना हा प्रकार युरोपातून जसाच्या तसा आला, ना आपल्या परंपरेत तो होता. तो मुंबईच्या स्टुडिओंत जन्मला, आणि माझ्या मते आपल्या चित्रपटसंगीताची सगळ्यात स्वतःची कमाई तीच आहे.

याच टोळीत गोव्याचे दत्ताराम वाडकर होते. ठेका बघायचा तो त्यांनी. ढोलकीवरचा त्यांचा एक खास ठेका आजही वादकांत ‘दत्तू ठेका’ म्हणूनच ओळखला जातो. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांनी जॅझचा ढंग सी. रामचंद्र यांच्या गाण्यांत आणला, सी. रामचंद्र म्हणजे आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. १९५१ च्या ‘अलबेला’त हा जोडीचा उत्साह भरभरून ऐकू येतो. फ्रँक फर्नांड यांनी हिंदीत अरेंजिंग केलं आणि कोकणी चित्रपटही काढले. आणि हे सगळे काही गोव्याचेच नव्हते. पारशी घरातले कावस लॉर्ड आणि त्यांचे चिरंजीव केर्सी लॉर्ड, प्यारेलाल यांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा, ज्यांनी कितीतरी वादकांना स्वरलिपी शिकवली, पुण्याचे अ‍ॅकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स, पुढच्या पिढीतले अनिल मोहिले. ‘रूप तेरा मस्ताना’ म्हटल्यावर जे अ‍ॅकॉर्डियन आपल्या मनात आपोआप वाजू लागतं, ते केर्सी लॉर्ड यांच्या बोटांतलं. त्याच्याशिवाय ते गाणं म्हणून बघा, काहीतरी हरवल्यासारखं होतं.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी सगळे एकाच वेळी वाजवायचे, गायकही त्याच वेळी गायचा. मायक्रोफोन मोजके, म्हणून आवाजाचा तोल साधायचा तो बसण्याच्या जागेवरून. ज्याचं वाद्य मोठं वाजतं तो लांब, नाजूक वाजतं तो जवळ. अरेंजर समोर उभा राहून हातांनी खुणा करणार. तिसऱ्या अंतऱ्यात एका व्हायोलिनचा गज घसरला की गायकाने कितीही जीव ओतलेला असो, टेक रद्द. एखादं गाणं आठव्या, दहाव्या टेकला ‘ओके’ व्हायचं. आपण ऐकतो ते गाणं म्हणजे एका खोलीतल्या पन्नास माणसांची सलग साडेतीन मिनिटांची एकाग्रता.

शब्द नवे, समजले जुने

चाल कुठून येते याचे दोन नमुने मला फार आवडतात, आणि दोन्ही मराठी आहेत. १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये ‘आधी बीज एकले’ हे गाणं आहे. संगीत केशवराव भोळ्यांचं. अनेक जाणत्या लोकांनी तो तुकोबांचा अभंग समजून गाथेत शोधला. तो गाथेत नाहीच. तो लिहिला शांताराम आठवले यांनी, खास त्या चित्रपटासाठी. उलट १९५१ च्या ‘अमर भूपाळी’तलं ‘घनश्याम सुंदरा’ अनेकांना चित्रपटासाठी लिहिलेलं गाणं वाटतं. ती भूपाळी आहे पेशवाईतल्या होनाजी बाळाची. वसंत देसाईंनी तिला जे रूप दिलं ते घराघरांत पोचलं. चित्रपटाने एक नवं गाणं परंपरेत मिसळलं आणि परंपरेतलं एक गाणं नव्याने हाती दिलं. दोन्ही प्रकारांत मूळ कुणाचं, हे प्रेक्षक विसरला.

सलील चौधरी यांनी १९६१ च्या ‘छाया’तल्या ‘इतना ना मुझसे तू प्यार बढा’साठी मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीची सुरुवात घेतली. जुन्या नाटकवाल्यांनी ती सरळ कंसात छापली असती. आणि सलीलदांनी त्या सुरुवातीपुढे जे रचलं ते त्यांचं स्वतःचं आहे, हेही त्या कंसामुळे झाकलं गेलं नसतं.

पार्श्वसंगीत हा वेगळा विषय आहे, त्यावर थोडक्यात. ते चित्रपट तयार झाल्यावर पडद्यावर दृश्य बघत बघत रचलं जातं आणि त्याचं श्रेय तर आणखीच कमी वेळा नीट दिलं जातं. पण १९३७ मध्येच प्रभातने ‘कुंकू’त पार्श्वसंगीताची वाद्यं बाजूला ठेवून नैसर्गिक आवाजांवर भर दिला होता. दृश्याला संगीत लागतंच का, हा प्रश्न आपल्या माणसांनी इतक्या लवकर विचारला होता.

नाव नाही तर हक्कही नाही

चुंबकीय टेप आली, जास्त वेळ वाजणारी तबकडी आली, तीन मिनिटांचं बंधन सुटलं. पुढे अनेक ट्रॅकवर मुद्रण होऊ लागलं आणि वादक वेगवेगळ्या दिवशी येऊन आपापला भाग वाजवून जाऊ लागले. सिंथेसायझर आणि संगणकाने पन्नास माणसांची खोली रिकामी केली. अरेंजरच्या हातचे मूळ कागद फारसे कुणी जपले नाहीत. आज पुण्या-मुंबईत जुन्या गाण्यांचे कार्यक्रम ‘मूळ वाद्यमेळासह’ होतात, तेव्हा त्यासाठी कुणीतरी रात्र-रात्र जागून ध्वनिमुद्रण ऐकत, एकेका व्हायोलिनची ओळ कानाने टिपून पुन्हा लिहून काढलेली असते.

आणि हिशेब? १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चित्रपटासाठी मोबदला घेऊन केलेल्या गाण्याचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि गीतकार-संगीतकारांना गाण्याच्या इतर वापरातून रॉयल्टीचा वाटा मिळण्याचा हक्क आला. गायकांचा हक्कही बळकट झाला. ही मोठीच गोष्ट झाली. अरेंजरला मात्र त्यात अरेंजर म्हणून कुठे जागा नाही. त्याला कामाचे पैसे मिळाले की विषय संपला.

वादकांच्या बाबतीत कायद्यातलं एक वाक्य तर मला फार टोचतं. ‘कलाकार’ कुणाला म्हणावं याच्या व्याख्येला २०१२ मध्ये एक पुस्ती जोडली गेली. चित्रपटात ज्याचं काम प्रासंगिक स्वरूपाचं आहे आणि उद्योगाच्या रूढ पद्धतीनुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीतही कुठे दिलं जात नाही, त्याला कलाकार धरायचं नाही. आपल्या कामाचा विपर्यास रोखण्यापुरताच काय तो अपवाद. आता काम प्रासंगिक कशाला म्हणायचं, यावर वकील वाद घालतील. पण सत्तर-ऐंशी वर्षं वादकांची नावं न छापण्याची जी सवय स्टुडिओंनी पाडली, ती या वाक्यात वादकाच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभी राहू शकते. म्हणून गाण्याच्या खाली अरेंजरचं, अ‍ॅकॉर्डियनवाल्याचं, ढोलकीवाल्याचं नाव लिहिणं ही नुसती कौतुकाची बाब नाही. आज गाणी मोबाइलवर ऐकली जातात. तिथे तबकडीच्या गोल कागदासारखी जागेची टंचाई नाही, पन्नासच्या पन्नास नावं मावतात. कंपन्यांनी ती द्यायला हवीत, आणि ती मिळेपर्यंत ऐकणाऱ्यांनी मागत राहायला हवीत.